दोघींचा कोहरा

त्या वर्षी पौषात काशीत जो कोहरा पडला, तो आमच्या घरापुरता गेलाच नाही.

कोहरा म्हणजे धुकं. आम्ही इथली मराठी माणसं घरात मराठीच बोलतो, पण काही शब्द गल्लीतून वर येतात आणि घरचेच होऊन बसतात. 'धुकं' म्हटलं की मला इंदूरची माझ्या माहेरची सकाळ आठवते, पातळ आणि उन्हं येताच पळून जाणारी. 'कोहरा' म्हटलं की गंगा आठवते. ती दिसत नाही, नुसती जाणवते.

आम्ही राहतो ब्रह्मा घाटाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढे गच्ची. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी वहिनी म्हणते. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, पौरोहित्य करत. माझे यजमान रेल्वेत होते. दोघे भाऊ थोड्या अंतराने गेले, आणि आम्ही दोघी मागे राहिलो. वहिनींना मूलबाळ झालं नाही. माझी मुलगी पुण्याला असते. मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. निवृत्त झाले तेव्हा मुलगी म्हणाली, आता ये इकडे. पण वहिनींना एकटं टाकून जायचं कसं, आणि वहिनी तर जन्मल्याच ब्रह्मा घाटावर. त्यांना पुण्याला नेणं म्हणजे तुळस उपटून नेण्यासारखं होतं.

सकाळी आम्ही दोघी मिळून घाटावर उतरायचो आणि तिथून संकठा देवीच्या दर्शनाला जायचो. मी त्यांचा हात धरायची, त्या माझं कोपर धरायच्या. पौषात तर काही दिसायचंच नाही. वल्ह्याचा आवाज आधी यायचा, नाव मागाहून. पलीकडचा तीर नावालाही नसायचा. पायऱ्या चार-दोन दिसायच्या, मग पांढरं. त्या पांढऱ्यातून कुणीतरी वर येत असायचं आणि अगदी जवळ येईपर्यंत ते कोण होणार हे ठरलेलं नसायचं. मला ते फार आवडे.

"आज तर हातचंसुद्धा दिसत नाही गं," वहिनी म्हणायच्या.

"हो ना," मी म्हणायची.

माघ लागला. वसंत पंचमी झाली. लोकांनी स्वेटर धुऊन वाळत घातले. कोहरा थोडा विरळ झाला, पण हलला नाही. आता तो पांढरा न राहता किंचित पिवळट झाला होता, हळदीच्या दुधासारखा. दिव्यांभोवती वर्तुळं दिसायची. गल्लीच्या टोकाच्या दिव्याला तर चक्क मोरपिसासारखे रंग असायचे. चंद्र गच्चीवरून बघितला तर एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, असे फुटलेल्या बांगडीसारखे तुकडे. मी वहिनींना म्हणायची, "चंद्र बघा कसा आलाय." त्या म्हणायच्या, "हो गं, केवढा पसरलाय."

फाल्गुनातही वहिनी म्हणाल्या, "यंदा कोहरा काही जात नाही बाई."

"नाही ना," मी म्हटलं.

माझ्या मनात कधी आलंच नाही असं नाही. पेपरातली अक्षरं मुंग्यांसारखी हलत होती, चष्म्याचा नंबर बदलला असेल असं वाटून गेलं होतं. पण वहिनींनाही कोहरा दिसतोय म्हटल्यावर तो आहेच, असं मी धरून चालले. आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. सगळ्या वस्तूंच्या कडा मऊ झाल्या होत्या. भिंतीवरच्या तसबिरींतली माणसं जरा मागे सरकली होती. दुपारी गच्चीवर बसलं की नदीवरून जो उजेड यायचा त्याला काही आकार नसायचा. तो नुसता यायचा आणि मांडीवर बसायचा. होळीला मुलं रंग उडवत होती, तर वहिनी म्हणाल्या, "फिके आणलेत रंग यांनी." मलाही तसंच वाटलं.

आता काकूंचं सांगते. काकू आमच्याच वयाच्या. त्यांचे यजमान बँकेत होते, बदली होऊन इथे आले आणि इथेच राहिले. गल्लीतली सगळी त्यांना काकू म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. संकठा घाटाकडे जाताना एका वळणावर, वेताच्या छत्रीखाली, काकू सकाळी जप करत बसतात. अंगावर लाल शाल. आम्ही जाता-येता नमस्कार करायचो, त्या हात वर करायच्या. जप चालू असला की बोलायच्या नाहीत, हे आम्हाला माहीत होतं.

माघात छत्रीखाली कुणी आहे की नाही हेही कळत नव्हतं. फाल्गुनात लाल शाल पुन्हा दिसली, पण काकूंनी हातसुद्धा वर करणं सोडलं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "काही बोललीस का तिला?"

"मी कशाला बोलू? तुम्हीच संक्रांतीला तिळगूळ द्यायचा विसरलात."

"अगं, ती आलीच नव्हती!"

असं आमचं चालायचं. रोज आम्ही काकूंना नमस्कार करायचो आणि रोज त्या शालीत मान घालून बसून राहायच्या. एकदा वहिनी त्यांच्या अगदी समोर थांबून म्हणाल्या, "काकू, रागावलात का?" उत्तर नाही. वहिनी मागे फिरल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तोंड पण फिरवलं नाही बघ." मग आम्ही ठरवलं की आपणही आता नमस्कार करायचा नाही. पण छत्रीजवळ आलं की दोघींचे हात आपोआप जुळायचे.

होळी होऊन गेली आणि एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. काकू! हातात संत्रा बर्फीचा डबा.

"कशा आहात दोघी? कालच आले बाई नागपूरहून. लेकानं सोडलंच नाही. संक्रांतीच्या आधी गेलेली मी."

वहिनी चहा टाकायला उठल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी विचारलं, "केव्हा गेला होतात?"

"सांगितलं ना, संक्रांतीच्या आधी. का हो? काय झालं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेला मान वळवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "मग आपण कोणाला नमस्कार करत होतो?"

तो चहा तसाच राहिला. काकू आम्हाला घेऊन खाली उतरल्या. छत्रीपाशी गेलो. काकूंनी पुढे होऊन हात लावून बघितलं आणि त्या तिथेच पायरीवर बसून हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. एका नाववाल्याने आपली लहान डोंगी दुरुस्तीसाठी उलटी करून उभी टेकवून ठेवली होती. तिच्यावर ताडपत्री बांधली होती आणि ताडपत्रीवर लाल गोधडी टाकली होती. त्या डोंगीला आम्ही महिनाभर रोज नमस्कार केला होता आणि तिच्यावर रुसलोही होतो.

आम्हीही हसलो. खूप हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग वहिनी हसायच्या थांबल्या.

"पण कोहरा होता ना," त्या काकूंना म्हणाल्या. "कोहऱ्यात काय कळतं."

"कोहरा? अहो, कोहरा केव्हाच गेला. माघातच जातो तो. हे बघा ना, लख्ख ऊन आहे. पलीकडे वाळूवर उंट चाललेत ते दिसतायत मला."

आम्ही दोघींनी पलीकडे पाहिलं. दूध होतं नुसतं.

घरी परत येताना वहिनींनी माझं कोपर धरलेलं होतं, मी त्यांचा हात. जिन्याच्या खाली त्या थांबल्या.

"तुला दिसत नाही का गं?"

"तुम्हाला?"

"मला वाटलं, तू बघतेस," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर मी तुझ्या भरवशावर चालायची."

"मी तुमच्या भरवशावर."

जिन्याच्या अंधारात भीती आता वाटली. इतके दिवस दोघी एकमेकींना धरून, त्या उभ्या पायऱ्यांवरून, पाण्याच्या इतक्या जवळून चालत होतो.

मोतीबिंदू हा शब्द त्या दिवशी घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. म्हणजे आमच्या बाबतीत. घराला तो नवीन नव्हता. सासऱ्यांचे डोळे केले होते तेव्हा अख्खी गल्ली विचारपूस करायला आली होती. दिरांचे दोन्ही झाले, कारण पोथी वाचता येईना आणि पूजेचे यजमान खोळंबायचे. माझ्या यजमानांचं तर नुसतं सुरू होतंय म्हटल्यावर मीच रजा टाकून करून आणलं. राहिल्या होत्या सासूबाई. त्यांचं कुणाला कळलंच नाही. शेवटची काही वर्षं त्यांना काही दिसत नव्हतं, हे त्या गेल्यावर वहिनींनी मला सांगितलं. "कळणार कसं?" वहिनी म्हणाल्या होत्या. "आमटीत मीठ बरोबर पडायचं ना."

तेच वहिनींचं झालं होतं. डबे त्या हलवून ओळखायच्या. तुरीची डाळ कशी वाजते आणि मुगाची कशी, हे त्यांना माहीत होतं. तेल तापलं की वास येतो. पोळी फुगली की गालाला वाफ लागते. माझ्या ताटात कधी काही चुकलं नाही.

"आमचं काय हो," वहिनी काकूंना म्हणाल्या, "आता बघायचं काय राहिलंय? उमर झाली. हिचं करा. ही शिकलेली, हिला वाचायला लागतं."

"मला काय परीक्षा द्यायचीय?" मी म्हटलं. "तुम्ही थोरल्या. आधी तुमचं."

"माझा अजून पिकला नसेल. पिकल्याशिवाय हात लावत नाहीत. आणि गरमीत तर मुळीच नाही. थंडीत बघू."

मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, पुण्याला ये, इथे करू." मी विचारलं, "आणि वहिनी?" मग ती म्हणाली, "दोघी या." वहिनी शेजारीच बसून ऐकत होत्या. त्यांनी हाताने नाही-नाही केलं.

शेवटी काकूंनीच एक दिवस ठरवला. नदीपलीकडे रामनगरला डोळ्यांचा एक चांगला दवाखाना आहे, काकूंचे डोळे तिथेच झालेले. चैत्रातली सकाळ होती. काकूंच्या ओळखीचा एक नाववाला तिकडेच निघाला होता, त्याच्या मोटरबोटीत आम्ही तिघी बसलो. घाटांमागून घाट जात होते, पण मला ते घाट म्हणून दिसत नव्हते. एक लांबलचक गेरू रंगाची पट्टी होती, मध्ये मध्ये ओलसर, आणि तिच्यावर रंगांचे ठिपके. वहिनी मात्र पाण्याच्या वासावरून आणि घंटांवरून सांगत होत्या, आता हा घाट आला, आता तो. त्यांचं बरोबर असायचं. काकू नुसत्या "हो" म्हणत होत्या. मला वाटलं, असंच जात राहावं, रामनगर येऊच नये.

रामनगरला उतरून टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसाने आमची नावं लिहून घेतली आणि विचारलं, "साथ में कौन है?"

मी वहिनींकडे बोट केलं. वहिनींनी माझ्याकडे.

तो माणूस वर बघून हसायला लागला. "माताजी, दोनों मरीज़ हैं। देखनेवाला कौन है?" मागून काकूंनी हात वर केला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आमच्या डोळ्यांत थेंब घातले, बसवून ठेवलं, मग उजेड टाकून बघितलं. माझं बघून म्हणाली, ठीक आहे, होऊन जाईल. वहिनींच्या डोळ्यांत बघायला तिला जास्त वेळ लागला. मग तिने खुर्ची जवळ ओढली.

"माँजी, खाना किस पर बनाती थीं?"

"पहले तो लकड़ी पर," वहिनी म्हणाल्या. "लकड़ी, उपले। फिर कोयला। गैस तो बहुत बाद में आया।"

"कितने लोगों का?"

यावर वहिनी गडबडल्या. घरी वेद शिकायला येणारी मुलं जेवायला असायची, हे मी सांगितलं. कधी दहा-बारा, कधी त्याहून जास्त. मी शाळेत जायची, म्हणून चुलीपुढे वहिनी बसायच्या. ओल्या लाकडांत, गोवऱ्यांत फुंकणी घालून फुंकायच्या. दुपारी त्या मुलांचेच कपडे, अंथरुणं आणि वर्षाचे पापड-कुरडया घेऊन उन्हात गच्चीवर. डॉक्टर ऐकत होती. ती म्हणाली, वय तर आहेच, पण धूर आणि ऊन दोन्ही डोळ्यांत साठत जातात. साखरही तपासू या म्हणाली.

"इतने दिन किसी को बताया क्यों नहीं?" तिने विचारलं.

वहिनी थोडा विचार करून म्हणाल्या, "किसी ने पूछा नहीं। और पूछती भी कौन, ये भी तो मेरे ही जैसी है।"

साखर निघाली. बरीच निघाली. ती खाली येईपर्यंत वहिनींचं ऑपरेशन करता येणार नव्हतं. म्हणून त्यांच्याच इच्छेप्रमाणे आधी माझी पाळी आली.

वैशाखात माझा उजवा डोळा झाला. मी घाबरले होते, पण ते सगळं मला स्वप्नासारखंच आठवतं. झोपवलं, तोंडावर कापड टाकलं, एका डोळ्यापुरती खिडकी. वरून पाणी पडत होतं आणि पाण्याच्या वर उजेड होता. मला वाटलं, मी गंगेच्या तळाशी पाठ टेकून पडले आहे आणि वरून नावा चालल्या आहेत. एक गुलाबी नाव गेली, एक हिरवी. कुणीतरी लांबून म्हणत होतं, "बस, हो गया माताजी, हिलिए मत." मग पुन्हा पांढरं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मला आधी निळा दिसला. समोर भिंतीवर निळ्या रंगाची एक साधी बादली टांगलेली होती. इतका निळा रंग जगात आहे हे मी विसरूनच गेले होते. एक डोळा मिटला की ती बादली हिरवट-राखाडी व्हायची, दुसरा मिटला की पुन्हा निळी. मी तेच करत बसले. काकू म्हणाल्या, "काय चाललंय लहान मुलीसारखं?"

घरी आले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "दुखलं का गं?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तेव्हा ते दिसलं. बोटांच्या पेरांवर, मनगटावर, कोपरापर्यंत चटके होते. काही जुने, काळे पडलेले. काही अगदी ताजे, गुलाबी. एकावर तर फोड होता.

"हे काय वहिनी?"

"कुठे? ते होय. तवा लागतो कधी कधी."

मी तो हात सोडला नाही. आमटीत मीठ बरोबर पडत होतं, ते या हातांनी. त्या दिवसापासून स्वयंपाक मी माझ्याकडे घेतला. वहिनींना ते अजिबात आवडलं नाही. त्या ओट्याशी येऊन उभ्या राहायच्या आणि वासावरून सूचना द्यायच्या. "जळतंय तुझं." जळत नसायचं. "हिंग कमी आहे." कमी असायचा.

साखर हळूहळू उतरली. गोड सोडताना वहिनींनी एकादशीच्या रताळ्यांसाठी माझ्याशी भांडण केलं, पण सोडलं. जेठ सरता सरता डॉक्टरने दिवस दिला. नदीला पाणी चढायला लागलं होतं, म्हणून पुलावरून ऑटोने जायचं ठरलं. सकाळी ऑटो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. काकू खालून हाका मारत होत्या. आणि वहिनी उठेनात.

त्या आपल्या खाटेवर बसल्या होत्या, जिन्याच्या दाराकडे तोंड करून. साडी नीट नेसलेली, पिशवी भरलेली.

"चला ना वहिनी. देर होतेय."

"मी नाही येत."

"का? घाबरलात?"

"नाही गं." त्या अगदी लाजल्यासारखं म्हणाल्या, "मला हे दिसतात."

मला आधी कळलं नाही.

"तिथे दाराशी बसतात. सकाळी ऊन आलं की. खांद्यावर उपरणं असतं. बोलत नाहीत काही. नुसते बसतात, बाहेरून आल्यावर पाय धुवायच्या आधी बसायचे ना, तसेच." त्यांनी दाराकडे बघितलं. "मला ठाऊक आहे गं, कुणी नसतं ते. मी काही वेडी नाही. पण डोळा साफ झाल्यावर ते जातील ना?"

मी दाराकडे पाहिलं. माझ्या नव्या डोळ्याला तिथे जे होतं ते दिसत होतं. भिंतीला ओल आली होती, तिचा एक उभट डाग पडला होता. वर खुंटीला एक पंचा टांगलेला होता. मग मी तो डोळा मिटला आणि जुन्या डोळ्याने पाहिलं. उजेड पसरला, भिंतीची कड विरघळली आणि दाराशी कुणीतरी बसलं. खरंच बसलं. थोडं वाकून, दमल्यासारखं. ते दीर होते की माझे यजमान, हे मात्र मला सांगता आलं नसतं.

मी वहिनींच्या शेजारी बसले. खालून काकू ओरडत होत्या. ऑटोवाला भोंगा वाजवत होता.

"आपण एकच डोळा करू," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"उजवा करू. डावा आहे तसा राहू दे. उजव्याने बाकीचं सगळं बघा. ह्यांना बघायचं असलं की तो मिटायचा."

वहिनींनी माझ्याकडे मान वळवली. "चालतं तसं?"

"न चालायला काय झालं? डोळे तुमचे."

त्या उठल्या. जाता जाता दारापाशी जरा अंग चोरून गेल्या, कुणाच्या पायाला पाय लागू नये म्हणून.

वहिनींचा डोळा बरा झाला. अगदी माझ्यासारखा नाही. साखरेमुळे मागचा पडदा थोडा खराब आहे, असं डॉक्टर म्हणाली. पण त्यांना दिसायला लागलं. पट्टी काढल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी डॉक्टरला पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, तुम तो बच्ची हो!" मग मला पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाल्या, "ही साडी या ब्लाउजवर नेसून आलीस तू?"

घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि गंगेत बुडी मारायची नाही, हे सांगितल्यावर त्या भडकल्या. जन्मभर कधी चुकलं नाही, म्हणाल्या. मी रोज थेंब घालायची, त्या रोज कुरकुर करायच्या. स्वयंपाकघरात गेल्या तर डबे उघडून उघडून आत बघत बसल्या. छताकडे बघून म्हणाल्या, "केवढा काळोख साठलाय हा!" तो धूर होता, जुना. गॅस येऊनही इतकी वर्षं झाली, तो गेला नव्हता. आम्ही माणूस लावून ते छत धुऊन घेतलं.

दाराच्या बाबतीत आम्ही कधी बोललो नाही. सकाळी ऊन आलं की त्या खाटेवर बसतात. कधी कधी एक तळहात उजव्या डोळ्यावर ठेवतात, डोकं दुखल्यासारखा. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते आणि भांडी जरा हळू घासते. भिंतीला रंग द्यायचा विषय घरमालकाने काढला होता. वहिनी म्हणाल्या, आमची काही तक्रार नाही.

डॉक्टर दर खेपेला विचारते, "माँजी, दूसरी आँख?" वहिनी म्हणतात, "ठंड में देखेंगे." अशी एक थंडी येऊन गेली आहे. माझा डावा डोळा मी करून घेतला. मला पोथ्या वाचायच्या असतात, वहिनींना वाचून दाखवायच्या असतात. कधी कधी त्या मऊ दिवसांची आठवण येते. सगळ्या वस्तूंना कडा असणं हे दमवणारं काम आहे, असं मला वाटतं.

गेल्या कार्तिकात आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो, दिवेलागणीला. कार्तिकात आमच्या इथे घाटांवर उंच बांबू रोवतात आणि त्यांच्या टोकांना दिवे चढवतात, वर गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. आकाशदीप म्हणतात त्यांना. खाली नदीवर निळं पडत होतं आणि एकेक दिवा वर चढत होता. वहिनी कठड्याला टेकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ही टोपली आहे."

"कुठली?"

"दिव्याला. वेताची विणलेली टोपली आहे बघ. आणि खाली तो माणूस दोरी ओढतोय. कप्पीवरून." त्या माझ्याकडे वळल्या. "इतकी वर्षं मला ते दिवे नुसते हवेत असल्यासारखे दिसायचे. लहानपणी टोपली बघितली असणार, विसरूनच गेले."

"मग? बरं वाटलं का टोपली बघून?"

खाली त्या माणसाची दोरी कुठेतरी अडकली होती. दिवा अर्ध्यावर थांबून हलत होता. वहिनी कठड्यावरून वाकल्या आणि मोठ्याने ओरडल्या, "अरे भइया, बाईं तरफ से खींचो, बाईं तरफ से!" त्याने वर बघितलं, हात हलवला आणि डावीकडून ओढलं. दिवा वर गेला. "दिसलं मला त्याला काय झालं ते," वहिनी म्हणाल्या आणि पदर सावरून पुढच्या बांबूकडे बघायला लागल्या.